पाहुणा अडाणी नव्हे!

दिवाळीत घरी पाहुणे येतात. एखादा पाहुणा उंबरठ्याशी अडखळला, तर घरातले माणूस चटकन पुढे होते, पायपुसणे सरळ करते, दिवा जरा वर धरते. "तुम्हांला चालता येत नाही, आधी चालायला शिकून या," असे कोणी पाहुण्याला सुनावत नाही. ही रीत आपल्याला कोणी शिकवावी लागली नाही. पण गेल्या तीस वर्षांत 'संकेतस्थळ' नावाची जी नवी घरे आपण बांधली, त्यांच्या दाराशी मात्र ही रीत पार उलटी झाली आहे. तिथे पाहुणा अडखळला की यजमान माडीवरून ओरडतो, "काय करणार! आपले लोकच अडाणी!"

हा आरोप खोटा आहे, आणि तो वारंवार केल्याने आपले फार नुकसान होत आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

मी कोणी तंत्रज्ञ नव्हे. शाळेत मुलांना मराठी शिकवितो, सवड मिळेल तशा कादंबऱ्या लिहितो. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक. दहावीला आमच्या घरी अजून मॅट्रिकच म्हणतात. मग या विषयात मी नाक का खुपसावे? तर सदरा काखेत काचतो हे सांगायला शिवणकाम यावे लागत नाही. सदरा अंगावर असला की पुरे. शिवाय माझ्या दोन्ही धंद्यांनी मला एकच धडा दिला आहे. फळ्यावरचे अक्षर शेवटच्या बाकाला दिसत नसेल, तर चूक शेवटच्या बाकाची नसते; खडू हातात असलेल्याची असते. आणि वाचक तिसऱ्या पानावर वाट चुकला, तर त्याला नकाशा पाठविण्याची सोय कादंबरीकाराला नसते. त्याने ते पान पुन्हा लिहावयाचे असते. मास्तराला आणि लेखकाला जो न्याय, तो संकेतस्थळ बांधणाऱ्याला का नसावा?

वास्तविक या घराण्याचा मूळपुरुष मोठा साधा होता. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९९१ साली पहिले संकेतस्थळ जगापुढे ठेवले. त्यात होती नुसती अक्षरे आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे. चित्र नाही, सरकत्या पाट्या नाहीत, मंत्रिमहोदयांची छबी नाही. कोणाच्याही यंत्रावर, कशाही पडद्यावर ते उघडावे ही त्यामागची दृष्टी. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी विद्या कसलाही मोबदला न घेता सर्वांना मोकळी करून दिली. घर बांधण्याचा असा मंत्र फुकट मिळालेल्या पिढीने त्या घराला भिंतीच भिंती घालाव्यात, यापरता करंटेपणा कोणता?

भिंती कशा, ते पाहा. अर्जात गावाचे नाव निवडावयाचे असते. गाव आहे वडगाव. ते इंग्रजी 'व्ही'खाली शोधावे की 'डब्ल्यू'खाली? ज्याने यादी केली त्याच्या त्या दिवशीच्या लहरीवर ते अवलंबून! बरे, यादी मराठीत दिसते म्हणून आनंद मानावा, तर जिल्हे येतात ते अकोला, अमरावती, बीड, भंडारा, चंद्रपूर, धुळे अशा क्रमाने. हा कोणत्या वर्णमालेचा क्रम? इंग्रजी स्पेलिंगांची रांग लावून वर मराठीची चादर अंथरलेली! ज्या मुलाला आम्ही क, ख, ग, घ घोकून घोकून शिकविले, त्याला कोल्हापूर चंद्रपूरच्या आधी सापडत नाही आणि तो स्वतःलाच ढ समजू लागतो. अकारविल्हे यादी लावणे ही काय चंद्रावर जाण्याची विद्या आहे? किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीतही ती असते.

पुढे छायाचित्र. ते म्हणे वीस ते पन्नास केबीच्या आत हवे, आणि सही दहा ते वीस केबीच्या आत. केबी म्हणजे किलो की कोस, हे शेतमजुराने कोठून जाणावे? आणि का जाणावे? मोठे चित्र लहान करणे हे यंत्राचे निमिषार्धाचे काम. ते यंत्राने करावयाचे सोडून यंत्र माणसाला करावयास सांगते, आणि माणूस ते करवून घेण्यासाठी नाक्यावरच्या दुकानात पैसे मोजतो. पूर्वी कचेरीच्या आवारात झाडाखाली अर्ज लिहून देणारे बसत. मध्यस्थ नाहीसे होणार म्हणून आपण 'ऑनलाइन'चे स्वागत केले. मध्यस्थ नाहीसे झाले नाहीत. झाडाखालून उठून ते पंख्याखाली बसले, एवढाच काय तो फरक.

मग येते ते घड्याळ. अर्ज भरता भरता रेशनकार्ड शोधायला उठावे, तर परत येईपर्यंत 'आपली वेळ संपली'. भरलेले सारे पुसले गेलेले. पोस्टाच्या खिडकीशी एखाद्याने पत्ता लिहायला वेळ लावला, म्हणून कारकुनाने त्याचा अर्धा लिहिलेला फॉर्म फाडून टाकला, तर आपण त्याची तक्रार करू. यंत्राने तेच केले की आपण पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसतो. आणि शेवटी ती वेडीवाकडी अक्षरे! आपण यंत्र नसून माणूस आहोत, हे माणसाने यंत्राला पटवून द्यावयाचे.

हे सगळे विनोदाने घेता आले असते, पण याची किंमत कोण मोजतो ते मी पाहिले आहे. गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता. खाते कोणते ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. मुलीची आई खुरपणीला जाते. पहिल्या दिवशी ती रोज बुडवून आली तेव्हा संकेतस्थळ उघडेचना. दुसऱ्या दिवशी उघडले, पण खात्री पटविण्याचा सहा अंकी आकडा गेला मुलीच्या बापाच्या मोबाइलवर, आणि बाप ऊसतोडीला गेलेला, फडात, जिथे फोनला आवाज पोचत नाही. तिसऱ्या दिवशी बापाला गाठले, आकडा मिळाला, चार पाने भरली, आणि पाचव्या पानावर घड्याळाने सारे पुसून टाकले. त्या रात्री मुदत संपली. बाईचे तीन दिवसांचे रोज गेले आणि मुलीची त्या वर्षाची रक्कम गेली. खात्याच्या दप्तरी मात्र तीन शब्दांची नोंद असणार: 'अर्ज केला नाही'.

वाचकहो, या तीन शब्दांत या विषयाचे सारे गांभीर्य आहे. तुटका पूल दिसतो, पडकी शाळा दिसते. त्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात. न चालणाऱ्या संकेतस्थळाशी जे परत फिरले, ते कोठेच दिसत नाहीत. त्यांची मोजदाद होत नाही, मोर्चा निघत नाही. उलट आकडा असा छापून येतो की, योजनेला लोकांकडून पुरेसा प्रतिसाद नाही. दार लावून घ्यावयाचे आणि वर म्हणावयाचे, कोणी आलेच नाही!

आता तो अडाणीपणाचा आरोप घेऊ. २०१६ साली आपल्या देशात यूपीआय ही मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची पद्धत सुरू झाली. आज मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलेली म्हातारीही काळ्यापांढऱ्या चौकटीची पाटी पुढे मांडून असते. तिला कोणी प्रशिक्षण दिले? कोणते शिबिर झाले? काही नाही. काम तीन पायऱ्यांचे होते, पैसे आल्याचा पुकारा तिला ऐकू येत होता, म्हणून तिने ते आपलेसे केले. तीच म्हातारी निराधार योजनेच्या अर्जापुढे हतबल होते. सकाळी मंडईत हुशार असलेली बाई दुपारी कचेरीच्या पानावर अडाणी कशी होते? बाई तीच आहे. बदलले आहे ते दार.

आणि दार मुद्दाम कसे बांधता येते, हे खासगी पेढ्यांनी आपल्याला दाखविले आहेच. वस्तू विकत घेण्याचे बटण पडद्यावर केशरी भोपळ्याएवढे. वर्गणी बंद करण्याचे बटण मात्र सातव्या तळघरात, फिक्या राखाडी अक्षरांत. २०१० साली हॅरी ब्रिग्नल या इंग्रज अभ्यासकाने या लबाडीला 'डार्क पॅटर्न' असे नाव दिले, आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या तेरा प्रकारांना मनाई करणारी तत्त्वे जाहीर केली. फार चांगले झाले. पण यातून निघणारा दुसरा निष्कर्ष कोणी काढला नाही, तो मी काढतो. पैसे घ्यावयाचे असतात तिथे सोपेपणा साधतो, पैसे परत द्यावयाचे असतात तिथे साधत नाही. म्हणजे सोपेपणा ही कुवतीची बाब नसून इच्छेची बाब आहे. ज्याला पाहुणा हवा असतो, त्याला दार कोठे काढावे हे बरोबर कळते.

कोणी म्हणतील, "अहो, हे सारे सुरक्षिततेसाठी आहे." कुलूप चोराला अडविण्यासाठी असते. धन्यालाच उघडता येईना, तर ते कुलूप नव्हे, ती भिंत झाली. दर महिन्याला पासवर्ड बदला, त्यात एक आकडा घाला, एक चिन्ह घाला, असा हट्ट धरला की लोक तो पासवर्ड दिनदर्शिकेच्या मागे लिहून भिंतीला टांगतात. चोराची केवढी सोय! अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेने २०१७ सालीच सांगून टाकले की, कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलावयास लावू नये. आमचे यजमान मात्र जुन्या पोथीचे पारायण करीतच आहेत.

दुसरे म्हणतील, "पण आम्ही सारे मराठीत आणले आहे ना!" हो, आणले आहे, पण कोणत्या मराठीत? 'वापरकर्तानाव प्रविष्ट करा', 'अधिप्रमाणन अयशस्वी'. ही मराठी कोणाच्या आईने कोणाला शिकविली? 'नाव लिहा', 'पासवर्ड टाका', 'पासवर्ड चुकला, पुन्हा टाका' असे म्हटल्याने मायमराठीचा कोणता अपमान होतो? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा मलाही अभिमान आहे. पण अभिजात भाषा देव्हाऱ्यात आणि चुकीचा इशारा इंग्रजीत, 'इनव्हॅलिड इनपुट' म्हणून, ही कसली भक्ती? काय चुकले, कोठे चुकले, आता काय करावे, या तीन गोष्टी सरळ मराठीत सांगितल्या तर निम्मे अर्ज वाटेत पडणार नाहीत असे मी म्हणेन. आणि अतिशयोक्तीचा आरोप आनंदाने सोसेन.

मराठीची आणखी एक परवड आहे. जगातल्या लिप्यांची अक्षरे यंत्रात एकाच पद्धतीने साठवावी म्हणून युनिकोड निघाले, आणि १९९१ च्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. तरीही कित्येक वर्षे आपण निरनिराळ्या फाँटांच्या खासगी खुणांत मराठी लिहीत बसलो. तो फाँट ज्याच्याकडे नाही त्याला मराठी आदेशाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे, आणि शोधू गेल्यास एक शब्द सापडत नसे. यावर काहींनी तोडगा काढला तो रोगापेक्षा भयंकर: कागद छापावयाचा, त्यावर शिक्का मारावयाचा, त्याचा फोटो काढावयाचा आणि तो फोटो संकेतस्थळावर टांगावयाचा. डोळसाला तो वाकडातिकडा का होईना वाचता येतो. अंधाला?

अंध माणूस संकेतस्थळ कानाने वाचतो. पडद्यावरचे अक्षर बोलून दाखविणारी साधने आहेत. त्यांतले एनव्हीडीए नावाचे साधन मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली सुरू केले आणि ते जगाला फुकट वाटले. ज्याला दिसत नाही त्याने ही वाट बांधली. आणि ज्यांना दिसते त्यांना बटणाला नाव देण्याचे कष्ट होत नाहीत! नाव नसलेल्या बटणापाशी ते साधन नुसते 'बटण' म्हणते. फोटोतल्या आदेशापाशी तर मुकेच होते. बरे, नियम नाहीत असेही नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या जागतिक मंडळाने १९९९ साली या बाबतचे पहिले नियम प्रसिद्ध केले. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक एवढे अंतर असावे, इतक्या बारकाईने त्याने २००८ साली लिहून ठेवले. भारत सरकारची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे २००९ सालापासून आहेत, आणि दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. कागदावर आपण कोणाला हार जाणारे नव्हे.

शेवटी सर्वोच्च न्यायालयाला बोलावे लागले. बँकेत खाते उघडताना माणूस जिवंत असल्याची खूण म्हणून कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावण्यास सांगत. ॲसिडच्या हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, त्यांनी काय मिचकावावे? अशा स्त्रिया आणि एक दृष्टिहीन नागरिक न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, या नव्या साधनांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जगण्याचा हक्क! मी ज्याला आतापर्यंत उंबरठा म्हणत आलो, त्याला न्यायालयाने एवढे मोठे नाव दिले. 'सोय झाली तर बरे' या सदरातून हा विषय त्या दिवशी कायमचा बाहेर पडला.

यावर कपाळाला आठ्या घालून कोणी म्हणेल, "थोड्या अपंगांसाठी एवढा खटाटोप?" एसटीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच असे, तेव्हा लुगडे सावरीत चढणारी आजी, कडेवर मूल घेतलेली सून, हातात पिशव्या असलेला गडी, सारेच कष्टत. पायरी खाली आली की ती एकट्या लंगड्यासाठी खाली येत नाही. ठळक अक्षर उन्हात उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही वाचता येते. मोठे बटण मातीने भरलेल्या बोटालाही सापडते. आज ज्याचे डोळे शाबूत आहेत तोही चाळिशीच्या चष्म्याकडेच चालला आहे.

राहता राहिला खर्चाचा मुद्दा. त्यावरचा तोडगा इतका स्वस्त आहे की, स्वस्त म्हणूनच तो कोणी करीत नसावे. जेकब नील्सन या डॅनिश तज्ज्ञाने मार्च २००० मध्ये लिहिले की, केवळ पाच माणसे एकेकटी यंत्रापुढे बसवा, त्यांना काम सांगा आणि गप्प बसून पाहा. वापरातल्या अडचणींपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के तेवढ्यात उघड्या पडतात. पाच माणसे आणि पाच कप चहा! यात अवघड एकच गोष्ट आहे: गप्प बसणे. ब्रिटनच्या सरकारने ऑक्टोबर २०१२ मध्ये आपली जुनी सार्वजनिक संकेतस्थळे मोडून एकच साधे स्थळ उभारले. त्यांचे पहिले तत्त्व होते की, सुरुवात सरकारच्या सोयीपासून नव्हे, नागरिकाच्या गरजेपासून करावी. त्या बिनरंगी, बिनचित्री स्थळाला २०१३ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातील सर्वोत्तम रचनेचा पुरस्कार मिळाला. साधेपणाला बक्षीस मिळते, हे आमच्या ठेकेदारांना कोणी सांगेल काय?

माझी मागणी लहान आहे. कोणतेही सार्वजनिक संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वी, फीत कापणाऱ्या साहेबांनी त्यावरचा एक अर्ज स्वतः भरावा. चिटणीस शेजारी नसावा, यंत्र स्वस्तातला मोबाइल असावा, जागा एसटी स्टँडची असावी. अर्ज पुरा झाला तर फीत कापावी; नाही तर कात्री परत पाठवावी. आणि मुदत संपेल तेव्हा 'किती अर्ज आले' याच्या जोडीने 'किती जण अर्धवट सोडून परत गेले' हाही आकडा छापावा. यंत्राला तो ठाऊक असतो. लोकांपासून मात्र तो लपून राहतो.

आणि वाचकहो, थोडे काम तुमच्याकडेही आहे. या सुट्टीत मुले-नातवंडे घरी आली असतील. आजोबा मोबाइल पुढे करून म्हणतील, "अरे, एवढे हयातीच्या दाखल्याचे पाहा रे." तेव्हा "आणा इकडे, तुम्हांला नाही जमायचे," असे म्हणून तो हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा. आजोबा कोठे थांबतात, कोणता शब्द दोनदा वाचतात, कोणते बटण त्यांना दिसत नाही, ते एका कागदावर लिहून काढा. तो कागद त्या त्या खात्याला पाठवा, आणि उत्तर आले नाही तर पुन्हा पाठवा. मग आजोबांना सांगा की, चूक तुमची नव्हती. अनेक वर्षे इमानाने नोकरी केलेल्या, घर उभे केलेल्या माणसाला एका बटणापुढे आपण मूर्ख आहोत असे वाटावे, हा त्याचा अपमान आहे. आणि तो अपमान करणाऱ्याला जाब विचारल्याशिवाय ही दारे रुंद व्हावयाची नाहीत.